दवाखान्याचे फाटक

(शाखेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, रेल्वे व टपाल कामगारांच्या उपस्थितीत, रुग्णालयविषयक ठराव मांडताना शाखा सचिवांनी केलेले भाषण.)



विषयपत्रिकेवर सातव्या क्रमांकाला 'रुग्णालयविषयक ठराव' एवढेच छापले आहे. मघाशी चहाच्या वेळी दोघा-तिघांनी विचारले, औषधे बाहेरून आणायला लावतात त्याबद्दल का? तो विषय आहेच, पण तो पुढच्या बैठकीत घेऊ. आज आम्ही बोलणार आहोत ते २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभ्या राहिलेल्या आपल्या माणसांबद्दल.

प्रशासनाबरोबरच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला, तेव्हा एक अधिकारी म्हणाले, "सचिवसाहेब, ती साथ संपली. आता ते कशाला उकरून काढता?" जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, हे खरेच आहे. परंतु आमच्या शाखेच्या कार्यालयात आजही एक बाई येतात. त्यांची सेटलमेंट झाली, फॅमिली पेन्शन सुरू झाले, मुलाला अनुकंपा तत्त्वावर नोकरी लागली. त्यांचा एकही कागद आमच्याकडे बाकी नाही. तरी दोन-तीन महिन्यांनी येतात, बाकावर बसतात, पाणी पितात आणि एकच प्रश्न विचारतात. तो प्रश्न आम्ही पुढे सांगू. त्याचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात नाही, म्हणून हा ठराव.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. साथीच्या रोगात दवाखान्यावर निर्बंधच नकोत, असे आम्ही म्हणत नाही. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत, डॉक्टरी आम्हाला कळत नाही; परंतु मार्च २०२० मध्ये काय परिस्थिती होती ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. २२ मार्चला प्रवासी गाड्या थांबल्या. जी मुंबईची लोकल बॉम्बस्फोटानंतरही दुसऱ्या दिवशी धावली, ती तीन महिने सायडिंगला उभी होती. १५ जूनला सुरू झाली तीही फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. संरक्षक पोशाख डॉक्टरांना पुरत नव्हते, तिथे नातेवाइकांना कोठून देणार? भेटायला गेलेला माणूस आजार घेऊन परत येई आणि चाळीतल्या चार घरांना वाटी. बंदी घातली ती घालावीच लागली. आमची तक्रार निराळी आहे. बंदीमुळे जी कामे उघड्यावर पडली ती कोणी करायची, हे कोठेही लिहून ठेवले नव्हते.

ही कामे कोणती? आपल्याकडे दवाखान्यात माणूस भेटायला जातो म्हणजे काय करतो, ते आपण सगळे जाणतो. तो रुग्णाच्या खाटेखाली चटई टाकून राहतो. सलाइनची बाटली संपत आली की सिस्टरला हाक तो मारतो. बेडपॅन तो देतो, कुशीवर तो वळवतो, भात कालवून घास तो भरवतो, रक्ताची बाटली आणायला तो धावतो आणि म्हाताऱ्याला रात्री भ्रम झाला तर हात धरून तो बसतो. हिशेब केला तर तो बिनपगारी वॉर्डबॉय असतो आणि घरातली बाई बिनपगारी आया असते. आमच्या दवाखान्यांतल्या अटेंडंटच्या, ड्रेसरच्या, आयांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवून कारभार चालतो, तो या माणसांच्या जिवावर. एका आदेशाने हे सगळे बिनपगारी कामगार बाहेर काढले गेले. त्यांच्या बदली किती पगारी माणसे आत घेतली? कामगार संघटनेने हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारायला हवा होता. आम्ही तो विचारला नाही. आम्ही मास्क, साबण, रोस्टर आणि क्वारंटाइनच्या रजेत गुंतलो होतो. ती कामेही करणे भागच होते, पण चूक ती चूक.

जून २०२० मध्ये खानदेशातल्या एका सरकारी दवाखान्यातली बातमी वर्तमानपत्रांत आली होती, ती अनेकांना आठवत असेल. कोविडची एक वृद्ध रुग्ण खाटेवरून नाहीशी झाली. घरचे बाहेरून विचारीत राहिले. आठ दिवसांनी ती तिथल्याच शौचालयात मृत सापडली. चौकशी झाली, निलंबने झाली, ते ठीक. पण पोटचा एक मुलगा किंवा सून त्या वॉर्डात असती, तर आई शौचालयातून परत आली नाही हे कळायला किती वेळ लागला असता? दहा मिनिटे. आम्हाला त्या घटनेत काही गुन्हेगार दिसले, त्यापेक्षा जास्त रिकामी जागा दिसली. जिथे एक माणूस बसलेला असायचा, तिथे कोणी नव्हते.

आता आमच्या शाखेतली गोष्ट. आमचा एक गेटमन होता, सभासद जुना, बावीस वर्षे नोकरी. एप्रिल २०२१. दुसरी लाट भरात होती. त्या महिन्यात आपली रेल्वे काय करीत होती ते आठवा. १९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस विशाखापट्टणमला निघाली आणि भरलेले टँकर नागपूर-नाशिकला घेऊन आली. नंदुरबारला आपलेच डबे दवाखाना म्हणून उभे केले होते. आपल्या माणसांनी दिवसरात्र काम केले. १० मे २०२१ रोजी रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांनी जाहीर केले की तोपर्यंत १९५२ रेल्वे कर्मचारी कोविडने गेले आणि रोज हजारांच्या आसपास नवे बाधित होत आहेत. आमचा गेटमन त्या १९५२ मधला एक.

त्याला ताप आला, सिक मेमो घेतला, ऑक्सिजन खाली आला, आणि दोन ठिकाणी फिरवून तिसऱ्या दवाखान्यात खाट मिळाली. दवाखान्याचे नाव आम्ही घेत नाही. घेऊन उपयोगही नाही, कारण त्या दिवसांत जवळजवळ सगळीकडे तेच चालले होते. स्ट्रेचर आत गेले आणि लोखंडी फाटक बंद झाले. त्याची बायको, आम्ही तिला वहिनी म्हणतो, बाहेर राहिली. घाईत त्याचा चष्मा आणि मोबाईलचा चार्जर घरीच राहिला होता. दुसऱ्या दिवशी वहिनी पिशवी घेऊन आली. चष्मा, चार्जर, एक टॉवेल, भाकरीचा चुरमा आणि एक चिठ्ठी. फाटकावरच्या पहारेकऱ्याने पिशवीवर नाव लिहून ठेवून घेतली. म्हणाला, आत पोचवतो.

नऊ दिवस ती रोज सकाळी येत होती. लॉकडाऊनमध्ये यायला रिक्षा नाही, मुलगा सायकलवरून सोडायचा. समोरच्या लिंबाखाली बसायची. आपल्या खात्यातला माणूस तिकडून गेला तर विचारायचा, "वहिनी, काही कळलं?" ती सांगायची, "स्टेबल हाय म्हणत्यात." हा एक शब्द त्या वर्षी घराघरांत शिकला गेला. दवाखान्याने चौकशीसाठी एक फोन नंबर दिला होता. तो लागला तर लागला. लागला की पलीकडून रजिस्टर बघून सांगत, पेशंट स्टेबल आहे. जेवला का, बोलतो का, घाबरला आहे का, हे रजिस्टरात लिहिलेले नसते. शेवटच्या दिवशी सकाळी अकरा वाजता आम्ही स्वतः फोन केला, उत्तर मिळाले, स्टेबल. दुपारी चारला निरोप आला की पहाटे पाचलाच गेला. फोनवरच्या मुलीचा दोष नव्हता. तिच्यापुढे आदल्या रात्रीचे पान होते.

पुढचे सांगणे आम्हाला जड जाते, पण ते सांगण्यासाठीच आम्ही उभे आहोत. स्मशानात आम्ही चौघे होतो. पिशवीत गुंडाळलेला देह गाडीतून उतरवला. वहिनी लांब उभी होती. ती आमच्याजवळ आली आणि म्हणाली, "भाऊ, एकदा तोंड दाखवायला सांगा. ते हेच हायत का ते तरी बघते." गाडीबरोबरचा माणूस म्हणाला, नियम नाही. आणि आम्ही, ज्यांनी तीस वर्षे प्रत्येक साहेबाला "नियम दाखवा" म्हणून टेबलावर हात आपटला, त्या आम्ही वहिनीकडे वळून म्हटले, "वहिनी, नियम नाही."

आठ महिन्यांनी दुसऱ्याच एका प्रकरणासाठी कागद गोळा करताना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मृतदेहांसंबंधीची मार्गदर्शक सूचना आमच्या हातात पडली. तारीख १५ मार्च २०२०. म्हणजे लॉकडाऊनच्याही आधीची. इंग्रजी होती, टपालच्या एका तरुण कारकुनाने वाचून अर्थ सांगितला. त्यात स्पष्ट लिहिले होते की स्मशानात कर्मचाऱ्यांनी काळजी घेऊन पिशवीची चेहऱ्याकडची बाजू उघडावी आणि नातेवाइकांना शेवटचे दर्शन घेऊ द्यावे. स्पर्श करायचा नाही, आंघोळ घालायची नाही, कवटाळायचे नाही; परंतु हात न लावता होणारे धार्मिक विधी चालतील आणि अस्थी गोळा करण्यात धोका नाही. नियम होता. वर्षभर आधीपासून होता. गाडीवरच्या माणसाला तो कोणी सांगितला नव्हता आणि आम्ही तो मागितला नव्हता. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही, हे या सभेत सांगायला लाज वाटण्याचे कारण नाही.

आणखीही नियम होते. जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतः होऊन कोविड रुग्णांची देखभाल आणि मृतदेहांची हेळसांड हा विषय हाती घेतला. १९ जूनच्या आदेशात कोविड रुग्णालयांनी रुग्णाच्या तयार असलेल्या एका नातेवाइकाला आवारात ठरवून दिलेल्या जागी थांबू द्यावे आणि प्रत्यक्ष व फोनवर चौकशी करता येईल असा मदत कक्ष ठेवावा, असे सांगितले. लिंबाखालची जागा ही काही त्या आदेशातली जागा नव्हे! मोबाईलचेही तसेच. एप्रिल २०२० मध्ये पश्चिम बंगाल सरकारने कोविड वॉर्डांत मोबाईल बंद केले. मे महिन्यात उत्तर प्रदेशने तसाच आदेश काढला आणि ओरड झाल्यावर मागे घेतला. शेवटी जुलैअखेर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांना राज्यांना पत्र लिहावे लागले की रुग्णांना मोबाईल व टॅब्लेट वापरू द्या, घरच्यांशी बोलणे हा त्यांना मानसिक आधार असतो. म्हणजे दिल्लीत हे कळले होते. दिल्ली ते वॉर्ड हे अंतर आपल्याला नवे नाही. पगार आयोगाची थकबाकी त्याच रस्त्याने येते.

आपले अनेक मराठी भाऊ इटारसी, सिकंदराबाद, हुबळी, खरगपूर अशा ठिकाणी नोकरीस आहेत. त्यांची अडचण दुहेरी होती. आमच्या ओळखीचा एक लोको पायलट परप्रांतात होता आणि वडील कोल्हापूरकडे एका दवाखान्यात. मालगाड्या चालू होत्या, धान्य जात होते, कोळसा जात होता. तो रोज गाडी चालवीत होता, पण घराकडे जाणारी गाडी नव्हती. तो नंतर म्हणाला, "सेक्रेटरी, सगळे सिग्नल हिरवे मिळायचे हो त्या दिवसांत. इतका मोकळा रस्ता उभ्या नोकरीत बघितला नव्हता." वडील गेले तेव्हा तो रनिंग रूममध्ये होता. पिंडदान त्याने व्हॉट्सअॅपवर पाहिले. आजही त्याला मोकळा रस्ता मिळाला की बरे वाटत नाही, असे तो सांगतो.

आता टपालवाल्या बंधूंना आवडेल अशी एक गोष्ट सांगतो, म्हणजे सगळे अंधारलेलेच आम्ही बोललो असे होणार नाही. आर.एम.एस.मधले एक सॉर्टर असेच आत होते. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन, तोही बंद पडलेला. मुलगी नववीत. ती रोज पोस्टकार्ड लिहू लागली. पन्नास पैशांचे कार्ड. पत्ता: वडिलांचे नाव, वॉर्ड क्रमांक, खाट क्रमांक. माणसाला फाटक बंद, पण टपालाला आवक टेबल उघडे असते! बीटवरच्या पोस्टमनने ते कार्ड दवाखान्याच्या टेबलावर रोज नेऊन दिले आणि रोज विचारले, "कालचं पोचलं का?" टपाल घेतले की ते पोचवायचे, ही सवय सरकारी टेबलाला अजून आहे. चौथ्या दिवसापासून एक सिस्टर ती कार्डे खाटेजवळ उभी राहून वाचून दाखवू लागली. मजकूर काय, तर मांजरीला तीन पिल्ले झाली, आजीने लोणचे घातले, गणिताचा पेपर रद्द झाला. ते गृहस्थ बरे होऊन आले. आज ते या सभागृहात बसले आहेत. नाव घेतले तर उठून जातील, म्हणून घेत नाही. त्यांना आम्ही विचारले, कशाने बरे वाटले? म्हणाले, "मांजरीचं तिसरं पिल्लू जगलं का नाही, हे दोन दिवस कार्डात आलं नव्हतं. त्या काळजीत माझी काळजी राहून गेली."

हे योगायोगाने झाले. एक पोस्टमन चिवट निघाला आणि एक सिस्टर मायाळू निघाली. दुसऱ्या खाटेला असा योगायोग नव्हता.

सिस्टरांबद्दलही बोलले पाहिजे. काही ठिकाणी आपल्या माणसांनी त्यांच्यावर राग काढला, तो अन्याय होता. रेल्वे दवाखान्यांतल्या सिस्टर आपल्याच सभासद आहेत. एकीने आम्हाला सांगितले, "दोन-दोन हातमोजे घातले की मोबाईलची काच बोट ओळखत नाही. तीनदा दाबावं तेव्हा एक फोन लागतो. वॉर्डात एवढे पेशंट, मी इंजेक्शन देऊ की फोन धरू? आणि फोन धरला की पलीकडून रडणं सुरू. चष्म्याच्या आत माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर पुसता येत नाही, किट उतरेपर्यंत तसंच." ती स्वतः दोन महिने आपल्या मुलाला गच्चीतून खाली उभे राहून बघत होती. संध्याकाळी ड्यूटी संपली की मृतांच्या घरी कळवण्याचे फोनही तिच्याच वाट्याला यायचे. हे काम तिच्या कामाच्या यादीत कोठेच नाही. त्याला वेळ दिलेला नाही, माणूस दिलेला नाही. त्यामुळे ते केले तर तिचा मोठेपणा आणि नाही केले तर तिची कठोरता, असे लोकांनी ठरवून टाकले. कामगार संघटनेच्या भाषेत याला मंजूर पदाविना काम म्हणतात.

ज्यांना इतिहासाची आवड आहे त्यांनी जुन्या मुंबईतल्या प्लेगची हकिगत वाचावी. ऑक्टोबर १८९६ मध्ये सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर चालून गेले होते. तेच आजचे कस्तुरबा रुग्णालय, जिथे मार्च २०२० मध्ये मुंबईचे पहिले कोविड रुग्ण ठेवले. ते कामगार अडाणी होते, अफवांना बळी पडले, असे साहेबांनी लिहून ठेवले. अफवा होत्याच. पण आत नेलेला माणूस पुन्हा दिसत नाही आणि आत काय चालते ते कोणी सांगत नाही, ही भीती अफवेची नव्हती. पुढे निरनिराळ्या समाजांनी स्वतःची प्लेग रुग्णालये काढली, तिथे आपल्या माणसांची देखभाल मिळू लागली, तेव्हा लोक आपण होऊन जाऊ लागले. सव्वाशे वर्षांपूर्वी शिकलेला धडा आम्ही पुन्हा पहिल्या इयत्तेपासून गिरवला. २०२० मध्ये ताप लपवणारे लोक आपल्याच क्वार्टर्समध्ये किती होते, ते आम्हाला माहीत आहे. ते रोगाला जेवढे घाबरत होते, त्यापेक्षा त्या फाटकाला जास्त घाबरत होते. त्यातले काही उशिरा गेले आणि म्हणून परत आले नाहीत.

आता रेल्वेवाल्यांना एक विचारतो. सिग्नल बिघडला आणि लालच राहिला, तर आपण गाडी तिथे जन्मभर उभी करतो का? नाही. जी. अँड एस. आर.च्या पुस्तकात पद्धत दिली आहे. स्टेशन मास्तर लेखी अधिकारपत्र देतो, ड्रायव्हर सही करून घेतो, वेगावर मर्यादा असते, आणि गाडी सावकाश लाल सिग्नल ओलांडून पुढे जाते. धोका मान्य असतो, म्हणूनच कागद लागतो. कागद कोणी द्यायचा, कोणत्या फॉर्मवर, किती वेगाने जायचे, सगळे आधी ठरलेले असते. बिघाड झाल्यावर कोणी डोके खाजवत बसत नाही. दवाखान्याच्या लाल सिग्नलला अशी पद्धत का असू नये? मरणाच्या दारात असलेल्या माणसाजवळ एकाला, एकदा, पूर्ण पोशाखात, दहा मिनिटांसाठी पाठवायचे झाले तर सही कोणाची? २०२१ मध्ये आम्ही हे तीन टेबलांवर विचारले. प्रत्येक टेबलाने दुसऱ्याकडे बोट दाखवले. कोणी दुष्ट नव्हते. कोणाकडे फॉर्म नव्हता.

म्हणून ठरावात आम्ही जे मागितले आहे ते फार मोठे नाही. साथीच्या काळात भेटी बंद करणारा आदेश निघाला तर त्यात तो किती दिवसांसाठी आहे आणि सवलत कोण देणार, त्या अधिकाऱ्याचे पद लिहिलेले असावे. मरणासन्न रुग्ण, लहान मूल, बाळंतीण आणि ज्याला स्वतःहून उठता-बोलता येत नाही असा रुग्ण, यांच्याजवळ एक माणूस जाऊ देण्याची लेखी पद्धत असावी आणि त्याचा पोशाख दवाखान्याने द्यावा. रोज ठराविक वेळी घरी फोन जावा, घरच्यांनी करायची वाट बघू नये. आणि फोन करणाऱ्याने त्या दिवशी रुग्णाला डोळ्यांनी पाहिलेले असावे. या कामासाठी प्रत्येक वॉर्डात वेगळा माणूस असावा, सिस्टरच्या डोक्यावर ते टाकू नये. आणि त्यासाठी आज रिकाम्या असलेल्या अटेंडंटच्या जागा भरा, हे आम्ही दर बैठकीत म्हणतो ते पुन्हा म्हणतो. फाटकावर दिलेल्या पिशवीची नोंद पार्सलसारखी व्हावी, पोचल्याची सही मिळावी. मृतदेहाचा चेहरा दाखवण्याचा नियम मराठी, हिंदी आणि त्या त्या प्रांताच्या भाषेत शवागाराच्या दारावर आणि गाडीत लावावा. हे शेवटचे कलम वहिनीच्या नावाने आम्ही घातले आहे, नाव मात्र छापलेले नाही.

पिशवीचे कलम का, तेही सांगतो. त्याच्या मृत्यूनंतर पाच दिवसांनी दवाखान्यातून सामान परत मिळाले. त्यात तीच पिशवी होती. गाठ सुटलेली नव्हती. फाटकाजवळच्या खोलीत अशा पिशव्यांचा ढीग होता, असे आम्हाला पुढे कळले. चष्मा आत, चार्जर आत, चुरमा बुरसलेला, चिठ्ठी घडीतच. म्हणूनच वहिनी कार्यालयात येऊन बाकावर बसते आणि विचारते, "भाऊ, मी बाहेर होते हे त्यांना कळलं असेल का हो?"

दोन वर्षांपूर्वी एक कंत्राटी सफाई कामगार आमच्याकडे आला होता. त्याचे चार महिन्यांचे पैसे कंत्राटदाराने बुडवले होते. बोलता बोलता कळले की तो त्याच दवाखान्यात, त्याच मजल्यावर, त्याच एप्रिलमध्ये होता. आम्ही गेटमनचे वर्णन सांगितले. त्याने डोके हलवले. म्हणाला, "साहेब, चेहरे कुठं आठवतात, सगळ्यांना मास्क लावलेले. पण रोज सकाळी फरशी पुसायला गेलो की जो तो विचारायचा, बाहेर माझं कोणी आलंय का? मला किट घालून फाटकापर्यंत जायची परवानगी नव्हती. मला काय दिसणार? पण मी सगळ्यांना सांगायचो, आलेत, झाडाखाली बसलेत. ज्याला विचारील त्याला सांगायचो."

हे आम्ही वहिनीला जसेच्या तसे सांगितले, एक शब्द जास्त घातला नाही. ती थोडा वेळ बसली. मग म्हणाली, "झाडाखालीच बसले होते मी. मग सांगितलं असंल." आणि पाणी पिऊन गेली. परवा पुन्हा आली होती.

त्या सफाई कामगाराचे पैसे दीड वर्षाने मिळाले, तेही अर्धे. बाकीच्यासाठी अर्ज पुढे पाठवला आहे.

ठरावाच्या प्रती मागच्या टेबलावर आहेत. टपालच्या बंधूंनी आपल्या शाखेत मांडण्यासाठी वेगळ्या प्रती न्याव्यात. आणि ज्यांच्या घरात त्या दोन वर्षांत कोणी असे गेले असेल, त्यांनी कोणत्या दिवशी काय सांगितले गेले आणि काय नाकारले गेले, ते आठवेल तसे एका कागदावर लिहून कार्यालयात द्यावे. शुद्धलेखनाची काळजी करू नये, आमचेही तसेच आहे. पुढच्या महिन्यात हे कागद घेऊन आम्ही पुन्हा त्याच तीन टेबलांवर जाणार आहोत.